पायाला नाटक येत नाही

मरण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. स्वतःची टिमकी वाजवायची म्हणून सांगत नाही, पूर्वी लोकच तसं म्हणायचे. तरुणपणी मी एका फिरत्या नाटक कंपनीत होते. आवाज बोचरा आणि नाक बसकं, त्यामुळे नायिका होणं नशिबात नव्हतं. लेखक मंडळींनी माझ्या वाट्याला मरणं दिली. विष घेऊन मेले, विहिरीत पडून मेले, सवतीच्या हातून मेले. एकदा तर दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच मेले आणि उरलेलं नाटक संपेपर्यंत विंगेत बसून स्वेटर विणला. पुढे कंपनी बुडाली. कंपनीचे दिवे सांभाळणारे माझे यजमानही गेले आणि मी भाचीकडे राहायला आले.

भाची शाळेत शिकवते, जावई बस चालवतात. दोन खोल्या, माझी खाट स्वयंपाकघरात खिडकीखाली. माणसं सोन्यासारखी, पण सकाळी दोघंही बाहेर पडली की घरात मी आणि गळका नळ. मी नळाशी बोलायला लागले तेव्हा भाचीने माझी धास्ती घेतली असावी. एका रविवारी ती पेपर घेऊन माझ्यासमोर बसली.

"मावशी, सैन्याच्या शाळेला जखमी हवेत."

"अगं, ते त्यांचे ते करतील की!"

"खोटे जखमी ग. रक्ताचा रंग लावून पडायचं, कण्हायचं. पोरं त्यांच्यावर उपचार शिकणार. पगार मिळतो."

"कण्हायचा पगार?" मी म्हटलं. "इतकी वर्षं फुकट कण्हले की मी!"

अशी मी त्या शाळेत चिकटले, ती आजतागायत.

ही शाळा तिन्ही दलांची. इथे शिकतात ते डॉक्टर नव्हेत आणि अधिकारीही नव्हेत. साधे भरती झालेले शिपाई, खलाशी, हवाईदलाचे जवान; त्यात मुलीही आल्या. जखमी माणसापाशी सगळ्यात आधी पोचायचं आणि डॉक्टरच्या हातात देईपर्यंत त्याला जिवंत ठेवायचं, एवढंच यांचं काम. ते 'एवढंच' शिकायला वर्ष लागतं. पूर्वी प्रत्येक दल आपापल्या पोरांना आपापल्या घरी शिकवायचं. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की जखमी माणूस काही एकाच्या हातात राहत नाही. शेतात पडतो, बोटीतून नदी ओलांडतो, विमानातून इस्पितळात जातो. तेव्हा सगळ्यांना एका छपराखाली बसवा.

छप्पर एक झालं, सवयी कुठल्या एक व्हायला! भूदलाची पोरं जखमीकडे रांगत येतात, डोक्यावरून गोळी जाईल म्हणून. नौदलाची पोरं काहीही करण्याआधी सगळं बांधून टाकतात. जखमी, औषधाची बाटली, पेटी, आणि दोरी उरली तर स्वतःला. हवाईदलाची बोलतच नाहीत. इंजिनाच्या आवाजात बोलून उपयोग काय, म्हणून हाताने खुणा करतात. जेवणाच्या खोलीतही तेच. एक चिमूट हलवून मीठ मागतो, दुसरा मिठाची बरणी टेबलाला बांधलीय का बघतो आणि तिसरी टेबलाखालून येऊन ती पळवते. आता हे मी थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच.

माझं काम म्हणजे डोळे मिटून पडणं. त्यामुळे मला पोरं चेहऱ्याने कळत नाहीत, हातांनी कळतात, आणि नावंही मी हातांवरूनच ठेवते. भूदलाची एक मुलगी होती, तिने मनगट धरलं की बांगडी पिचावी, ती 'पकड'. नौदलाचा एक गोलमटोल मुलगा, तो जखमीला असा गुंडाळायचा की नुसतं नाक बाहेर राही, तो 'गाठोडं'. ही नावं वर्गातही रूढ झाली. मुख्य शिक्षकांचं नाव मात्र मी ठेवलेलं नाही, ते पोरांनी ठेवलंय: घड्याळमास्तर. गळ्यात कायम थांबघड्याळ, आणि तोंडात कायम एकच वाक्य: "रक्त तुमच्यासाठी थांबत नाही." बोलणं कडू, पण खोटं नव्हतं.

खरं सांगू का, म्हातारपणी माणसाला कोण हात लावतं? भाची घाईघाईत खांद्यावर थोपटून जाते, तेवढंच. आणि इथे दिवसभर कोणी ना कोणी नाडी बघतंय, कपाळावर हात ठेवतंय, "मावशी, ऐकू येतंय का?" विचारतंय. खोट्या दुखण्यावर एवढी माया मिळत असेल तर आणखी काय पाहिजे! रोज घरी जाताना मी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानायची. तोंडाने मानले नाहीत, कारण माझं तोंड तशा कामाचं नाही.

त्या तुकडीत हवाईदलाचा एक मुलगा होता. किडकिडीत, अबोल. त्याचे हात मी पहिल्या दिवशीच ओळखायला शिकले, कारण ते गरम असायचे. अंगाला लावण्याआधी तो दोन्ही तळहात काखेत दाबून धरायचा आणि ऊब आली की मगच पुढे व्हायचा. बाकीचे रक्त थांबवायला धावताहेत आणि हा आपला काखेत हात घालून उभा. पोरं त्याला 'शेकोटी' म्हणायची.

"हे काय खूळ रे?" मी एकदा विचारलं.

"माझी आजी शेवटी दवाखान्यात होती," तो म्हणाला. "सगळे तिला गार हातांनी धरायचे. ती दर वेळी दचकायची."

एवढंच बोलला.

पण घड्याळाला आजी नसते. शेवटच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा वेळ संपली म्हणून. तिसरी संधी शेवटची. त्यात गेला तर तो जिथून आला होता त्या कोठारात परत जाणार, ब्लँकेटं सांभाळायला. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी रंगाच्या खोलीत उद्याची जखम जमवत बसले होते, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला.

"कोठारात वाईट काय आहे?" त्याला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं. "सावलीतलं काम. डोक्याला ताप नाही."

"वाईट काही नाही मावशी. पण ब्लँकेटाला कशाला हात गरम करून लावायचा?"

मी मान खाली घालून रंग कालवत राहिले. ह्या पोराने पास व्हावं असं मला इतकं वाटायला लागलं की माझाच मला राग आला. कारण जखमीने मदत करायची नाही, हा शाळेचा कडक नियम. छातीवर जे कार्ड टाचलेलं असतं त्यावर लिहिलेलं तेवढंच करायचं. कार्ड म्हणालं कण्हा, तर कण्हायचं. म्हणालं गप्प, तर गप्प. खरोखरच काही बिनसलं तर मात्र हात वर करून "खेळ थांबवा" म्हणायची मुभा होती. पण थांबलेली परीक्षा म्हणजे नापासच. तसा नियमच होता, कारण पूर्वी काही लबाड जखमी आपल्या लाडक्या पोरांसाठी परीक्षा थांबवायचे.

ह्या वर्षी परीक्षेत एक नवी गोष्ट होती. आतापर्यंत विमान म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातली एक पत्र्याची खोली. आत बाकडी आणि आवाजासाठी मोठे पंखे. ह्या खेपेला प्रथमच खरं विमान मिळालं होतं. एकच जखमी तिघांच्या हातून जाणार: भूदलाने उचलायचा, नौदलाने नदीपार न्यायचा, हवाईदलाने डोंगरापलीकडच्या धावपट्टीवर पोचवायचा. काय काय करायचं याचे तिघांना तीन वेगळे तक्ते, तीन वेगळे निकाल. जखमी अर्थातच मी. माझ्या कार्डावर होतं: डावी नडगी मोडलेली, शेतात ओरडा, बोटीत कण्हा, विमानात बेशुद्ध.

पकड रांगत आली, शेतातल्या चिखलातून. मी अशी ओरडले की बांधावरची बगळ्यांची रांग उडाली. तिने माझ्या पायावर फुगा चढवला. फुगा म्हणजे प्लास्टिकची दुहेरी पिशवी. गुडघ्यापर्यंत बुटासारखी चढवायची, पायाची बोटं तेवढी बाहेर ठेवायची आणि हवा भरायची, म्हणजे मोडलेलं हाड हलत नाही. पकडच ती, तिने टणक होईपर्यंत हवा भरली. बोटाने ठोकून बघितली, वाजली, समाधान झालं. तिचं काम चोख.

बोटीत गाठोडं वाट बघतच होता. अंगावर पाणी उडेल, थंडी लागेल, बोट डुलली तर पाय आपटेल, म्हणून त्याने मला कमरेपासून पावलांपर्यंत ब्लँकेटात गुंडाळलं, वरून मेणकापड घातलं आणि वरून दोऱ्या आवळल्या. फुगा आत दिसेनासा झाला. त्याचंही काम चोख. मी कार्डाप्रमाणे कण्हत होते आणि आत मजेत होते.

मग विमान. मालाचं जुनं विमान, आत गारठा आणि कान किटवणारा आवाज. मला मधोमध ठेवलं. पकड आणि गाठोडं यांची परीक्षा संपली होती; ती दोघं कडेच्या बाकावर पट्टे लावून बसली. त्यांना बोलायची बंदी. शेकोटी माझ्या उशाशी, घड्याळमास्तर त्याच्या समोर. मी बेशुद्ध झाले, म्हणजे डोळे मिटले.

विमान वर चढायला लागलं तसा डावा पाय मला घट्ट वाटू लागला. आधी नवा बूट चावावा तसं. विमान आणखी वर गेलं आणि पायाला मुंग्या आल्या, मग आग व्हायला लागली. आणि मला एकदम वर्गातला एक धडा आठवला, जो मी ह्याच शाळेत अनेकदा मेलेल्या अवस्थेत ऐकला होता: उंचावर हवा पातळ होते आणि बंद पिशवीतली हवा फुगते. म्हणून विमानात चढवण्याआधी फुग्यातली हवा कमी करा आणि पुढच्याला सांगा. हा धडा सगळ्यांनी ऐकला होता, सगळ्यांनी पाठ केला होता. पण सराव केला होता तो पत्र्याच्या खोलीत, आणि पत्र्याच्या खोलीत फुगा फुगत नाही. प्रत्येकाने आपापलं बरोबर केलं आणि सगळ्यांनी मिळून माझा पाय आवळला.

हात वर करायचा आणि दोन शब्द बोलायचे, झालं असतं. पण मग परीक्षा थांबणार, आणि हा पोरगा जन्मभर ब्लँकेटांच्या घड्या घालणार. मी म्हटलं, थोडा वेळ दम धरू. डोंगर ओलांडला की विमान उतरेल, फुगा आपोआप सैल होईल. हट्ट म्हणा, मूर्खपणा म्हणा. त्या वेळी मला ते फार थोर वाटत होतं. रंगमंचावर मरून मरून माणसाला ही खोड लागते.

तेवढ्यात वैमानिक मागे वळून काहीतरी ओरडला. घड्याळमास्तरांनी ते मोठ्याने परत सांगितलं, म्हणून मला कळलं. धावपट्टीवर ढग उतरले होते. ढग हटेपर्यंत वरच घिरट्या घालायच्या.

आणि माझा पाय दुखायचा थांबला. खरी भीती मला तेव्हा वाटली. दुखतं तोवर पाय आपला असतो, एवढं मला इतक्या वर्षांत समजलं होतं.

शेकोटीने मानेवर नाडी बघितली. श्वास बघितला. पापणी उचलली. हात नेहमीसारखे गरम. तक्त्याप्रमाणे आता त्याने उभं राहून अहवाल बोलायचा होता की संपलं. वेळेत बसला असता, पास झाला असता. मी डोळे मिटून मनात म्हणत होते, बोल, बोल, बोलून टाक.

तो बोलला नाही.

"वेळ!" घड्याळमास्तर ओरडले.

काही क्षण कोणाचाच हात मला लागला नाही. म्हणजे तो पुन्हा काखेत हात घालून उभा असणार. माझ्या तोंडात एक शेलकी शिवी आली, पण बेशुद्ध माणसाला ती देता येत नाही. मग मेणकापडाची कड सरकल्याचा आवाज आला. त्याने खालून हात घालून माझी पावलं चाचपली असणार. 'असणार' म्हणते, कारण मला काही कळलंच नाही. ज्या हाताची ऊब मी झोपेतही ओळखली असती, ती माझ्या डाव्या पायापर्यंत पोचली नाही.

"सर, डावा पाय गार आहे!" शेकोटी ओरडला. हवाईदलाचा पोर, वर्षभरात त्याचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"विमानात सगळंच गार आहे. अहवाल बोल!"

"उजवा तितका नाही सर. डावा फार गार आहे."

"अरे, बाई नाटक करताहेत."

"पायाला नाटक येत नाही, सर."

मी डोळे किलकिले केले. आता कार्ड गेलं खड्ड्यात. शेकोटी गाठोड्याच्या दोऱ्यांशी झटत होता, आणि पाण्याने भिजून फुगलेल्या त्या गाठी काही सुटत नव्हत्या. आधीच्या हाताने बांधलेलं विचारल्याशिवाय कापायचं नाही, हा आणखी एक नियम. त्याने कात्री काढली. तेवढ्यात बाकावरून गाठोडं ओरडला, "कापू नको, गुंता होईल! लाल टोक ओढ! लाल!" बंदी असताना बोलला म्हणजे त्याचा स्वतःचाही निकाल धोक्यात, पण तो पट्टा सोडून उभाच राहिला होता. लाल टोक ओढलं आणि सगळं बांधकाम सुटलं. आत फुगा ढोलासारखा ताणलेला. तो बघताच पकडने दोन्ही हातांनी तोंड धरलं. "मी भरली," ती म्हणाली, "हवा मी भरली!" आणि झेप घालून तिनेच झडप उघडली.

हवा सुटली. थोड्या वेळाने पायात जीव परतायला लागला, आणि तो येताना जे दुखलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी किंचाळले. कंपनीत असते तर त्या किंकाळीला लोकांनी पुन्हा पुन्हा दाद दिली असती.

"बेशुद्ध माणूस ओरडत नसतो, बाई," घड्याळमास्तर सवयीने म्हणाले, आणि मग त्यांनी माझं पाऊल बघितलं. गळ्यातलं घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं. उतरेपर्यंत शेकोटी माझं पाऊल दोन्ही हातांत धरून बसला होता. अहवाल त्याने दिलाच नाही.

धावपट्टीशेजारी एक लांबट खोली होती. भिंतीला लोखंडी कपाटं, मध्ये तपासणीचं टेबल, कोपऱ्यात चहाची किटली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर घेतलं, पाय तपासला. रंग येतोय म्हणाल्या, टाचेला टोचलेलं कळतंय म्हणाल्या. बोटं हलवायला सांगितली. बोटं हलली नाहीत.

"थांबू थोडं," त्या म्हणाल्या, पण चेहरा बदलला होता.

घड्याळमास्तर तिन्ही तक्ते हातात घेऊन उभे होते. समोर तिघं पोरं, ओळीने.

"तक्त्याप्रमाणे पकड पास," ते म्हणाले. "गाठोडंही पास, विमानात तोंड उघडलं तरी. आणि शेकोटी नापास. वेळ गेली, अहवाल नाही." ते जरा थांबले. "तक्ता मीच केलाय. विमान खरं आणलं आणि तक्ता पत्र्याच्या खोलीतला ठेवला."

पकड एक पाऊल पुढे आली. "सर, मला नापास करा. वर गेल्यावर फुगा फुगतो हे मला पाठ होतं. पण माझं काम बोटीपाशी संपलं, असं मला वाटलं."

"मी तर तो झाकूनच टाकला," गाठोडं पुटपुटला.

शेकोटीचं लक्ष माझ्या पायाकडे होतं.

घड्याळमास्तरांनी तिन्ही तक्ते एकावर एक ठेवले आणि मधोमध दुमडले. "जखमी एक," ते म्हणाले. "मग निकाल तीन कसे? निकाल एकच लागणार. बाईंचा पाय शाबूत असेल तर तिघं पास. नसेल तर तिघं नापास, आणि चौथा मी." मग माझ्याकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी हळू आवाजात बोलले. "बाई, अंगठा हलवता का?"

हाऊसफुल्ल नाट्यगृहात मी मेलेय, पण माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. पाच माणसांचे डोळे माझ्या एका अंगठ्यावर. मी जोर लावला. अंगठा जागचा हलेना. आयुष्यभर हवं तेव्हा रडले, हवं तेव्हा पडले, हात थरथरवले, ओठ निळे केले. आणि आता खरोखरची वेळ आली तर स्वतःचा अंगठा ऐकेना! पायाचं नंतर बघू, पण ह्या पोराला आता माझ्यामुळे ब्लँकेटं मोजायला लागणार, आणि बरोबर ह्या दोघांनाही मी बुडवणार. मी दात ओठ खाऊन पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दमानं घ्या." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा हो!"

अंगठा हलला. थोडासाच. मग पुन्हा हलला, आणि मागोमाग बाकीची बोटंही कुरकुरत का होईना, हलली.

गाठोड्याने पकडला मिठी मारली आणि पकडने त्याच्या बरगड्या मोडल्या असाव्यात, कारण तो ओरडला. घड्याळमास्तर खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत राहिले. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना चहा ओतला. मी आपली टेबलावर पडून अंगठा हलवतेय, पुन्हा हलवतेय, आणि डोळ्यांतून पाणी थांबत नाही. त्या पाण्याला कोणी कार्ड दिलेलं नव्हतं.

शेकोटी तेवढा हसत नव्हता. तो माझ्या उशाशी आला.

"मावशी, तुम्हाला कळत होतं ना?"

"काय?"

"पाय बधिर होतोय ते. वर, विमानात."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. अभिनय माझ्या हाताचा मळ. पण त्याच्या डोळ्यांकडे बघून जमलं नाही.

"तुझी परीक्षा होती ना रे," मी म्हटलं.

"माझी परीक्षा!" त्याचा आवाज असा चढला की मिठ्या मारणारे थबकले. "मी नापास झालो असतो तर ब्लँकेटांच्या घड्या घातल्या असत्या. जन्मभर घातल्या असत्या, काही मेलो नसतो. तुमचा पाय मी कुठून आणला असता? पास होऊन काय करायचं होतं, तुम्हाला कुबड्या घेऊन येताना बघत बसायचं? मी चाचपलंच नसतं तर? बोलायला तोंड दिलंय ना देवाने? एरवी दिवसभर चालतं, आणि नेमकं तेव्हा बंद! काही अक्कल आहे की नाही?"

मला उलट बोललेलं आजवर कोणाचं खपलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाचीला, जावयांना, खुद्द घड्याळमास्तरांना मी सोडलेलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी मान खाली घातली. जखमीच्या कपाळावर हात ठेवायचा, त्याच्याशी गोड बोलायचं, हे त्यांना शिकवतात; तो त्यांच्या अभ्यासाचाच भाग, आणि त्यावरच मी इतकी वर्षं खूश होते. असं हक्काने रागवायला मात्र कोणी शिकवत नाही. यजमान गेल्यापासून मला कोणी इतकं रागावलं नव्हतं.

"पुन्हा असं करणार?" त्याने विचारलं.

"नाही करणार," मी म्हटलं. "पण तू थांबू नकोस. अजून थोडं रागव."